औषध खरं होतं

नवऱ्याला एका क्लिनिकने टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, इंजेक्शनं दिली आणि त्यातून काय झालं, ते त्याला विचारूनच लिहिते आहे. क्लिनिकचं, डॉक्टरांचं, कुणाचंच नाव देणार नाही. ग्राहक आयोगात तक्रार चालू आहे आणि वकिलांनी नावांच्या बाबतीत तोंड आवरायला सांगितलंय. बाकी जे झालं ते सांगायला त्यांची हरकत नाही.

ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा एकच विचारतो: इंजेक्शन डुप्लिकेट होतं का? नाही. इंजेक्शन अस्सल होतं, नामांकित कंपनीचं, बॅच नंबर, एक्स्पायरी सगळं जागच्या जागी. डुप्लिकेट असतं तर पैसे गेले असते आणि विषय तिथेच संपला असता. आम्हाला खरं औषध देऊन फसवलं, आणि त्यातून बाहेर पडायला जास्त वेळ लागतोय.

नाशिकला आमचा ट्रान्सपोर्टचा छोटा धंदा आहे. नवऱ्याचं वय 39. रात्री-अपरात्री ड्रायव्हरचे फोन, जेवणाची वेळ ठरलेली नाही, पोट सुटलेलं, आणि घोरणं असं की आमची चार वर्षांची मुलगी म्हणायची, बाबांचा ट्रक चालू झाला. सकाळी उठला तरी झोप झालेली नसायची. दुपारी ऑफिसात डुलक्या. चिडचिड. बाकीचंही थंडावलेलं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. याच सुमाराला त्याच्या फोनवर जाहिरात आली: "पस्तिशीनंतर पुरुषाची ताकद कुठे जाते? 99 रुपयांत टेस्टोस्टेरॉन तपासणी, घरपोच."

सॅम्पल घ्यायला मुलगा आला तो संध्याकाळी साडेसातला. नवरा नुकताच येऊन वडापाव-चहा उरकून बसला होता. मुलाने उपाशीपोटी आहात का वगैरे काही विचारलं नाही, नळी भरली, गेला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट: 268, शेजारी लाल अक्षरात "लो", खाली जाणारा बाण.

हा बाण म्हणजे सगळ्या दुकानदारीचा पाया, म्हणून जरा थांबून सांगते. टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखं नसतं. पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त, संध्याकाळपर्यंत उतरतं. खाल्ल्यावरही उतरतं. म्हणून ही तपासणी सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी करायची असते. एकदा कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा करायची, आणि दोन्ही वेळा कमी आलं तरच पुढे बोलायचं. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेची मार्गदर्शक सूचना डेसिलिटरला 300 नॅनोग्रॅमची रेष धरते, तीही सकाळच्या दोन तपासण्यांवर आणि सोबत लक्षणं असतील तरच. शिवाय एलएच आणि एफएसएच हे दोन हार्मोन बघावे लागतात, म्हणजे बिघाड वृषणात आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत, ते कळतं. पोट सुटलेल्या, झोप न झालेल्या माणसाचा आकडा त्यामुळेही खाली येतो आणि वजन-झोप सुधारली की बऱ्याचदा आपोआप वर जातो. यातलं काहीही झालं नाही. संध्याकाळी साडेसातचा, वडापावनंतरचा एक आकडा, आणि त्यावर निदान. तेव्हा त्याचं टेस्टोस्टेरॉन खरंच कमी होतं का, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

रिपोर्टच्या मागोमाग "काउन्सेलर"चा फोन. गोड बाई. "सर, साठीच्या माणसाचे हार्मोन आहेत तुमचे. वेळेत आलात." मग माझ्याशी बोलायचंय म्हणाली आणि पहिल्याच वाक्यात मला वहिनी केलं. "वहिनी, घरातलं वातावरणच बदलेल बघा." वर्षभराचा प्लॅन, 96,000 रुपये, "बिनव्याजी" 24 हप्ते. "महिन्याला चार हजार, म्हणजे दिवसाला दीडशेसुद्धा पडत नाहीत." मी पतसंस्थेत काम करते, असलं गणित रोज ऐकते. कागद घरी पाठवा, वाचून सांगतो, असं म्हटलं. कागद आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये त्याच्याकडून "रजिस्ट्रेशनसाठी" ओटीपी घेतला आणि त्या ओटीपीवर एका फायनान्स कंपनीचं कर्ज उभं राहिलं. ते आम्हाला पहिला हप्ता कापला गेल्यावर समजलं.

डॉक्टर व्हिडिओवर भेटले, पाच-सात मिनिटं. वजन विचारलं, ॲलर्जी विचारली, जिमला जाता का विचारलं. घोरता का, हे विचारलं नाही. आणि मूल हवंय का, हेही विचारलं नाही. आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करत होतो. सासूबाई तर रोज देवापुढे तेवढंच मागत होत्या. एका प्रश्नात सगळं थांबलं असतं.

इंजेक्शन होतं टेस्टोस्टेरॉन एनान्थेट, 250 मिलिग्रॅम, दर आठवड्याला. हे औषध शेड्यूल एच मधलं, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. चिठ्ठी होती, पीडीएफ, पैसे भरल्यावर आलेली. सही म्हणजे एक गुंतवळ आणि नोंदणी क्रमांकाची जागा कोरी. ती कोरी जागा वकिलांनी दाखवली तेव्हा आमच्या लक्षात आली.

आता जे सांगते ते ऐकायला गैरसोयीचं आहे. सुरुवातीला त्याला खरंच बरं वाटलं. महिन्याभरात उत्साह आला, पहाटे उठून चालायला लागला, दंड भरले, बाकीचंही सुधारलं. मी नाही म्हणणार नाही, मलाही बरं वाटलं. हार्मोन टोचलं की त्याचा परिणाम होतो, कमी असो वा नसो. म्हणूनच ही फसवणूक पकडता येत नाही. बोगस बाबाचा अंगारा गुण देत नाही म्हणून माणूस सुटतो, इथे गुण येतो आणि माणूस अडकतो.

मग चेहरा लालसर राहायला लागला, पाठीवर कॉलेजच्या वयासारखे फोड. घोरणं वाढलं. बीपी चढलं. क्लिनिकला विचारलं तर "बॉडी ॲडजस्ट होतेय". हृदयाचं विचारलं तर व्हॉट्सॲपवर इंग्रजी बातमी आली, की 2023 च्या मोठ्या चाचणीत टेस्टोस्टेरॉन हृदयाला सुरक्षित ठरलं. बातमी खोटी नव्हती. ट्रॅव्हर्स नावाची ती चाचणी मी नंतर शोधून वाचली. 45 ते 80 वयाचे पाच हजारांवर पुरुष, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले, आणि दोन तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन कमी ठरलेले. त्यांना जेल दिलं, प्रमाण मोजून, रक्त तपासत. हार्ट अटॅक आणि स्ट्रोक वाढले नाहीत हे खरं. पण ठोक्यांची अनियमितता, फुप्फुसात गुठळी आणि किडनीला इजा, हे तिन्ही औषध घेणाऱ्यांत जास्त दिसलं. बातमीचा तो भाग व्हॉट्सॲपवर आला नाही. आणि 39 वर्षांच्या, एकाच संध्याकाळी तपासलेल्या माणसाला हे उत्तर लागू कसं पडतं, हा प्रश्न वेगळाच.

पुढे दर आठवड्याला जाणं जमेना म्हणून त्यांनी जेल दिलं. खांद्याला चोळायचं, सुकलं की शर्ट घालायचा. पाकिटं खोक्यातून काढून साध्या झिपच्या पिशवीत घातलेली, सोबत माहितीचा कागद नाही. त्या कागदावर काय असतं ते नंतर कळलं: लावल्यावर हात साबणाने धुवा, जागा झाका, बायका-मुलांचा त्या त्वचेला स्पर्श होऊ देऊ नका. लहान मुलांच्या अंगात हे शिरून वयाआधीच बदल दिसल्याच्या घटनांनंतर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2009 मध्ये यावर चौकटीतला इशारा छापायला लावला. माझी मुलगी रोज रात्री त्याच खांद्यावर डोकं ठेवून झोपते. तिच्या तपासण्या केल्या, ती ठीक आहे. पण रिपोर्ट येईपर्यंत मी ज्या काही शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

दुसऱ्या मुलासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी माझ्या तपासण्यांसोबत नवऱ्याचीही लिहून दिली. वीर्याच्या रिपोर्टवर शुक्राणूंच्या रकान्यात एकच शब्द होता: निल. बाईंनी रिपोर्ट खाली ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, "कुठली इंजेक्शनं घेता?" त्यांना लगेच कळलं होतं.

त्यांनी पाठवलेल्या हार्मोनतज्ज्ञांनी कागदावर चित्र काढून समजावलं. वृषणांना काम करायला लावणारे संदेश पिट्युटरी पाठवते, एलएच आणि एफएसएच. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी समजते पुरेसं आहे, आणि संदेश बंद करते. संदेश बंद, की शुक्राणू बनणं बंद. नवऱ्याचे दोन्ही आकडे जवळजवळ शून्य होते. मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजून पचलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने याच औषधाची चाचणी पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून घेतली होती. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सात देशांतल्या 271 पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम एनान्थेट दिलं, आणि सहा महिन्यांत 157 जणांचे शुक्राणू शून्यावर आले. आमचा डोस 250 होता. उपचार म्हणून देतात तेव्हा तो साधारण आठवड्याला 75 ते 100 असतो. मर्दानगी परत आणतो म्हणून 96,000 घेतले आणि नवऱ्याला कुटुंबनियोजनाची सुई टोचली.

हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, 57 टक्के आलं. 54 च्या वर गेलं की औषध थांबवायचं असतं, कारण रक्त दाट होऊन गुठळ्यांची भीती. वर्षाच्या प्लॅनमध्ये "नियमित मॉनिटरिंग" छापलं होतं. हिमोग्लोबिनसुद्धा एकदाही बघितलं नव्हतं.

औषध बंद केल्यावरचे काही आठवडे सगळ्यात वाईट. स्वतःचं बनत नाही आणि बाहेरचं बंद. माणूस नुसता पडून. क्लिनिकला हेही ठाऊक असतं, म्हणून "सोडलं की बघा कसं वाटतंय" हा त्यांचा हुकमी डायलॉग. हार्मोनतज्ज्ञांनी आधीच बजावलं होतं म्हणून तो टिकला. त्यांनी वृषणांना पुन्हा कामाला लावणाऱ्या एचसीजी या हार्मोनची इंजेक्शनं दिली आणि झोपेची तपासणी करायला लावली. झोपेत श्वास अडकत होता, तासाला कितीतरी वेळा. थकवा, डुलक्या, चिडचिड, सगळं तिथून येत होतं. आता रात्री मशीन लावून झोपतो. शुक्राणू बहुतेकांचे सहा महिने ते वर्षात परततात, काहींना दोन वर्षं लागतात. परवाच्या तपासणीत थोडे दिसले. थोडे म्हणजे अगदीच थोडे.

हे वाचून कुणी चालू असलेली इंजेक्शनं स्वतःच्या मनाने बंद करू नका. पिट्युटरीची गाठ, वृषणांचा आजार, क्लाइनफेल्टर हा जन्मजात गुणसूत्रांचा दोष, अशा लोकांना टेस्टोस्टेरॉन लागतंच. त्यांच्यासाठी ते इन्सुलिनइतकंच साधं, गरजेचं औषध आहे, आणि त्यांचे डॉक्टर त्यांना मूल हवंय का हे विचारल्याशिवाय सुरू करत नाहीत.

आमच्यासारखं कुणाचं झालं असेल तर आधी कागद गोळा करा. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. लेखी मागा, पोच घ्या. आम्ही मागितलं तेव्हाच पहिल्यांदा तो संमतीचा फॉर्म बघायला मिळाला. टॅबवर बोटाने सही घेतली होती, तेव्हा स्क्रीनवर फक्त सहीची चौकट होती. फॉर्म इंग्रजीत, आणि मधल्या एका ओळीत "प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो" असं लिहिलेलं. आयोगात त्यांचा सगळा बचाव त्या ओळीवर आहे. रिकाम्या बाटल्या, पाकिटं टाकू नका, बॅच नंबरचे फोटो ठेवा. डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत शोधा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तर काढाच: लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायला 1954 च्या औषधं आणि जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे, आणि ही मंडळी रोज करतात. ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेला फी नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार घरबसल्या दाखल होते. आधी काही विचारायचं असेल तर 1915 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर, मराठीतही बोलतात.

हप्ते अजून चालूच आहेत. फायनान्स कंपनीचं पत्र आलंय की सेवेच्या दर्जाशी आमचा संबंध नाही, कर्ज वेगळं. थांबवले तर सिबिल बिघडणार, आणि आमच्या धंद्यात गाडीच्या कर्जाशिवाय भागत नाही. म्हणून भरतो आणि प्रत्येक पावतीवर "हरकत राखून" असं कळवतो. ओटीपी कुठल्या नावाखाली मागितला त्याचा मेसेज नवऱ्याच्या फोनमध्ये तसाच होता, तो आम्ही तक्रारीला जोडलाय. फायनान्स कंपनी आता सामनेवाला क्रमांक दोन आहे.