चर्चिलचा जग घ्यायचा, पण तिघांतला कोणता?

रॉयल डॉल्टन या इंग्लिश चिनीमातीच्या कंपनीने चर्चिलच्या रूपाचे जग (jug) काढले. ते विकायला निघतात तेव्हा बहुतेक वेळा तीन प्रकार समोर येतात: 1940चा पांढरा, दोन कानांचा (म्हणजे दोन मुठींचा) जग, 1941पासून निघालेला टोबी, आणि 1992चा रंगीत जग. टोबी म्हणजे अख्खी मूर्ती, तर कॅरेक्टर जग म्हणजे फक्त डोकं आणि खांदे. चर्चिल म्हटलं की आपल्याला 1943चा बंगालचा दुष्काळ आठवतो, आणि आठवायलाच हवा. हा चेहरा घरात चालणार आहे का, हे आधी ठरवा. किमतीचं नंतर बघू.

माझं मन पांढऱ्यावर आहे. कंपनीचे कलाकार चार्ल्स नोक यांनी 1934मध्ये ‘जॉन बार्लीकॉर्न’ नावाच्या जगापासून कॅरेक्टर जगांची ही मालिका सुरू केली, आणि हाही त्यांचाच. ब्रिटनवर जर्मन विमानं घोंघावत असताना तो घडवला गेला, आणि तसं त्याच्या बुडावर लिहिलेलंही आहे. साधारण दीड वर्षात तो बंद झाला. खुद्द चर्चिलना तो आवडला नव्हता असं सांगतात. म्हणून तो कमी दिसतो आणि भाव धरून आहे. पण पांढऱ्या रंगावर डागडुजी फार बेमालूम लपते. दोन्ही कान अंगाला जिथे जोडले आहेत तिथे नखाने चाचपा. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारा. दुरुस्तीचा पॅच बाकीच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो. मग जग तळहातावर धरून टिचकी मारा. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. याच जगाचे अगदी मोजके रंगीत नमुने आहेत आणि त्यांचा भाव कितीतरी चढा असतो. तसा कुणी देऊ केला, तर लिलावगृहातल्या जाणकाराचं लेखी मत हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.

टोबी हॅरी फेंटन यांचा, तीन आकारांत, 1941 ते 1991. पन्नास वर्षं निघाला, म्हणजे माल भरपूर. पहिला नग म्हणून तो मला सगळ्यात योग्य वाटतो, कारण त्यावर पारखायला शिकता येतं. तो उलटा करा. डी आणि पुढचा आकडा (मोठ्याचा डी 6171) हा नमुन्याचा क्रमांक आहे. विक्रेते त्याच्याशेजारचं हक्कनोंदणीचं वर्ष दाखवून ‘युद्धकाळातला आहे’ म्हणतात, पण ते वर्षही नमुन्याचंच, तुमच्या हातातल्या नगाचं नव्हे. काही जुन्या नगांवर कंपनीच्या सिंह-मुकुटाच्या शिक्क्याच्या उजवीकडे बारीक आकडा असतो. त्यात 1927 मिळवा: 14 असेल तर नग 1941चा. हा आकडा सगळ्यांवर नसतो, पण असला तर ज्यादा पैसे देण्याला कारण आहे. शिक्क्यावर आडवा ओरखडा किंवा मधोमध भोक असेल, तर कारखान्यानेच तो दुय्यम माल ठरवलेला आहे. भाव तसाच लावा.

1992चा जग स्टॅन्ली जेम्स टेलर यांचा, कंपनीचा त्या वर्षीचा ‘जग ऑफ द इयर’. तो एकच वर्ष निघाला, आणि विक्रेता नेमकं तेवढंच सांगतो. पण लोकांनी तो संग्रहासाठीच घेतला आणि जपून ठेवला, त्यामुळे चांगल्या स्थितीतले नग आजही सहज मिळतात. चेहरा आवडला तर जरूर घ्या. गुंतवणूक म्हणून घेऊ नका.

मूल्यांकन मागताना ते कशासाठी हवंय हे आधी सांगा. विम्याचा आकडा सगळ्यात मोठा, लिलावाचा अंदाज त्याखाली, आणि दुकानदार रोख देईल तो बहुधा सगळ्यात कमी. तिन्ही खरे असतात. इंटरनेटवर मागितलेल्या किमती पाहू नका. प्रत्यक्ष विकले गेलेले भाव पाहा. इंग्लंडच्या लिलावातून पुण्या-मुंबईला मागवणार असाल तर बोलीवर लिलावगृहाचं कमिशन, पॅकिंग, टपाल आणि सीमाशुल्क चढतं. 1992च्या जगाबाबत हा खर्च सहज जगाच्या किमतीपुढे जाऊ शकतो. निर्दोष पांढऱ्यासाठी मात्र तो सोसावा. चीर असलेला पांढरा आणि धडधाकट टोबी एकाच भावात समोर आले, तर मी टोबी घेईन.