नाइटला एक सिस्टर, अठरा पेशंट: थांबायचं की सोडायचं?

सकाळी पावणेनऊला फोन वाजला की मला कळतं. नाइट संपलेली असते, हँडओव्हर लांबलेला असतो आणि समोरची बसस्टॉपवर उभी असते. गेल्या महिन्यात माझ्याच एका जुन्या ज्युनियरचा आला. "ताई, कालही एकटीच होते. अठरा पेशंट, एक मावशी, मामा दोन मजल्यांना मिळून एक. चौदा नंबरची सलाईन संपून नळीत रक्त चढलं, तेव्हा मी अकरा नंबरच्या आजोबांना धरून उभी. कॅथेटर ओढून निघाले होते घरी. सोडू का मी?"

"सोड" म्हणायला काय लागतं. पण मी स्वतः सहा वर्षांनी सोडलं ते चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या रीतीनं. त्यामुळे तिला फोनवर जे तुकड्यातुकड्यानं सांगितलं, ते इथे सलग लिहिते. पुण्याच्या आसपासचं शंभर-सव्वाशे खाटांचं खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवलंय. तुमचं वेगळं असेल तर आकडे बदला.

आधी रोस्टर, मग राजीनामा

थकलेल्या माणसाला दोन गोष्टी सारख्याच दिसतात: माणसं तात्पुरती कमी असणं आणि माणसं मुद्दाम कमी ठेवलेली असणं. पहिल्यात थांबण्याला अर्थ आहे, दुसऱ्यात नाही. ओळखायचं कसं? आपल्या वॉर्डच्या मागच्या तीन महिन्यांच्या रोस्टरचे, म्हणजे ड्युटीच्या तक्त्याचे, फोटो काढा आणि घरी बसून वाचा. नावं किती, त्यातली मॅटर्निटी लीव्हवर किती, सोडून गेलेल्यांच्या जागी नवीन नाव किती दिवसांनी आलं, आणि जे आलं ते स्टाफ नर्सचं की ट्रेनीचं.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात सर्वसाधारण रुग्णालयासाठी 5 खाटांमागे 1 परिचारिका आणि शिक्षण रुग्णालयासाठी 3 खाटांमागे 1 असं प्रमाण आहे. ते बघून हसू येईल, येऊ द्या. खरी मेख त्याच निकषातल्या दुसऱ्या आकड्यात आहे: 30 टक्के रजा राखीव. म्हणजे दहा जणी लागत असतील तर तेरा नेमायच्या, कारण कुणीतरी आजारी पडणार, कुणाचं लग्न असणार, कुणाचं मूल तापानं फणफणणार. बहुतेक खासगी ठिकाणी हे वरचे तिघं नसतातच. दहाच्या जागी नऊ असतात, आणि एकीची रजा म्हणजे दुसरीची डबल ड्युटी, असा तो हिशेब असतो. मेट्रन, म्हणजे परिचारिकांची प्रमुख, तुम्हाला "बाळा, आजचा दिवस सांभाळून घे" म्हणते ती वाईट बाई नसते. तिच्या हातात तेरावं माणूस कधी दिलेलंच नसतं.

रोस्टरमध्ये सलग तीन महिने तीच जागा रिकामी दिसली, तर ती भरायची नाही असं वर ठरलेलं आहे हे धरून चाला. एनएबीएचच्या (रुग्णालयांना दर्जाचं मानांकन देणाऱ्या संस्थेच्या) इन्स्पेक्शनच्या आठवड्यात त्याच वॉर्डात अचानक चार जणी दिसल्या, तर मग शंकाच नको.

माझ्या ज्युनियरच्या वॉर्डात ती जागा जानेवारीपासून रिकामी होती.

थांबणं विरुद्ध त्याच छपराखाली वॉर्ड बदलणं

हा पर्याय मुलींना सुचतच नाही, कारण राग रुग्णालयावर असतो. पण तेच रुग्णालय मेल मेडिकलमध्ये एकीवर अठरा पेशंट टाकतं आणि आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला स्वतंत्र सिस्टर देतं. आयसीयूत काम कमी नसतं, दर तासाला चार्ट भरून बोटं दुखतात. फरक असा, की तिथे तुम्ही एका-दोघांचं नीट करता. जनरल वॉर्डात अठरा जणांचं अर्धवट करता, आणि घरी जाताना डोक्यात फिरत राहतं ते अर्धवटच. डायलिसिसमध्ये साधारण नाइट नसते. ओटीमध्ये (ऑपरेशन थिएटरमध्ये) इमर्जन्सी कॉल असतात, पण नातेवाईक डोक्यावर बसत नाहीत.

पुढच्या नोकरीसाठीही बघा. "मेडिकल वॉर्ड, चार वर्षं" आणि "मेडिकल वॉर्ड तीन, आयसीयू एक" या दोन अनुभवपत्रांना बाजारात वेगळा भाव आहे. म्हणून रोस्टरमध्ये फक्त तुमचाच वॉर्ड उघडा पडलेला दिसत असेल, तर आधी बदलीचा अर्ज करा. लेखी करा, तोंडी विनंती मेट्रनच्या टेबलावरून उडून जाते. सगळेच वॉर्ड उघडे असतील तर हा वेळकाढूपणा ठरेल.

थांबायचंच ठरलं, तर फुकट थांबू नका. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट दर आहे. प्रत्यक्षात हातात येतो तो "पेंडिंग ऑफ", म्हणजे नंतर घ्यायची बदली सुट्टी, आणि तो पेंडिंगच राहतो. स्वतःच्या डायरीत तारीख, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ आणि पेशंटची संख्या लिहा. चार महिन्यांनी एचआरसमोर "मला खूप काम पडतं" म्हणणं आणि "मार्च ते जून 19 डबल ड्युट्या, 11 ऑफ बाकी" म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रात्री एकटीच असाल तर ते नर्सेस रिपोर्ट बुकातही साध्या शब्दांत नोंदवा: "ड्युटीवर 1 स्टाफ, 18 पेशंट, सुपरवायझरला 10.15 ला कळवले." उद्या काही वाईट घडलं तर "सिस्टर कुठे होती" हा प्रश्न पहिला येतो आणि त्या वेळी तोंडी सांगितलेलं कुणालाच आठवत नाही.

दुसरं खासगी रुग्णालय

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. दोन-तीन हजार जास्त मिळतात म्हणून उडी मारायची आणि सहा महिन्यांनी तोच वॉर्ड, फक्त भिंतींचा रंग वेगळा.

पगार विचारताना खाटा विचारा. परिचारिकांच्या पगाराबाबत 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्रानं समिती नेमली. तिनं खाटांप्रमाणे पायऱ्या सुचवल्या: 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, 100 ते 200 मध्ये फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 मध्ये फार तर 25 टक्के कमी आणि 50 च्या आत किमान 20,000 रुपये. या शिफारशी आहेत, हा कागद दाखवून कुणी तुमचा पगार वाढवणार नाही. पण मोजपट्टी म्हणून उपयोगी आहे. राज्य सरकारी अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतनच 35,400 पासून सुरू होतं. शंभर खाटांवरच्या ठिकाणी तुम्हाला हातात 19,500 मिळत असतील, तर तुमचं नेमकं किती जातंय ते तुमचं तुम्हीच काढा.

माणसांची संख्या मात्र इंटरव्ह्यूत विचारून कळत नाही, सगळे "रेशो मेन्टेन करतो" म्हणतात. त्यापेक्षा संध्याकाळी पावणेआठला तिथे जा, पेशंटच्या नातेवाइकासारखं वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसा. नाइटला किती जणी आत जातात ते मोजा. इव्हिनिंगवाली आठ वाजता निघते की नऊ वाजून गेले तरी फाइलच लिहीत बसलेली असते, तेही दिसेल. निघणारीला विचारा, "इथे रिलीव्हर मिळते का हो?" ती ज्या तऱ्हेनं हसेल त्यात उत्तर असतं. मी हे दोन ठिकाणी केलं. एका ठिकाणचं ऑफर लेटर खिशात असूनही गेले नाही.

मोठ्या कॉर्पोरेटमध्ये माणसं थोडी बरी असतात, पण कॉम्प्युटरवरचं लिखाण दुप्पट. छोट्या नर्सिंग होममध्ये लिखाण कमी, पण सिस्टरनंच ओपीडीचे पैसे घ्यायचे आणि औषधंही आणायची. मला विचाराल तर मी लिखाण पत्करेन.

सरकारी

पगार, सुट्ट्या, निवृत्तीपर्यंतची खात्री या तिन्हीत तुलनाच नाही. पण "सरकारीत आराम" हे जी म्हणते, तिनं जिल्हा रुग्णालयाचा वॉर्ड पावसाळ्यात पाहिलेला नाही. डेंग्यूच्या दिवसांत खाटांच्या मधे गाद्या पडतात आणि पेशंट ओलांडून इंजेक्शन द्यायला जावं लागतं. पदं तिथेही रिकामी आहेत. 2022 च्या मे महिन्यात आणि पुन्हा 2025 च्या जुलैत राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, ते कंत्राटी भरतीच्या विरोधात. म्हणजे कामाचा बोजा दोन्हीकडे आहे. सरकारीत त्याचे पैसे मिळतात आणि बोलायला संघटना असते, हा फरक.

वयाकडे लक्ष ठेवा: खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43. भरती निघायला दोन वर्षंही जातात, तेव्हा "निघाली की बघू" हे तिशी ओलांडलेल्यांनी म्हणू नये. आणि अभ्यासासाठी नोकरी सोडून घरी बसायचं असेल, तर परीक्षेची तारीख जाहीर झाल्यावर बसा. एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानाची) कंत्राटी जागा मला मधला मार्ग वाटत नाही. जाहिरातीत मानधन 20,000 च्या आसपास आणि करार दर वर्षी नवा. गावाजवळ पोस्टिंग मिळत असेल तरच.

परदेश

गल्फ, इंग्लंड, जर्मनी. यावर वेगळं लिहावं लागेल, इथे सोडण्यापुरतं सांगते. जर्मनीसाठी जर्मन भाषा साधारण बी 2 पातळीपर्यंत न्यावी लागते, आणि शून्यापासून सुरुवात केली तर नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष कुठेच गेलं नाही. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून क्लासवाल्यांचं पीक आलंय. पैसे भरण्याआधी एजंटाचा परवाना केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. गल्फसाठी साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि तो डेटाफ्लो या कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीमार्फत थेट तुमच्या जुन्या रुग्णालयाला विचारून पडताळतात.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण माझी चूक इथेच आहे. सलग तिसऱ्या डबल ड्युटीनंतर मी घरी गेले ती परत गेलेच नाही. फोन बंद. त्या आठवड्यात फार बरं वाटलं. मग अनुभवपत्रासाठी आठ महिने त्याच एचआरच्या दारात उभी राहिले. रेकॉर्डला "अ‍ॅब्स्काँडिंग" (न सांगता पळालेली) लागलेलं, नोटीस पिरियडचे पैसे कापलेले, आणि हातातली सौदीची संधी तोवर निघून गेलेली. रुग्णालय चुकीचं होतं, पण पत्र त्यांच्याकडे होतं.

मग सोडायचं कधी?

"सोडू का" इतकाच "कधी" महत्त्वाचा आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही.

माझ्या ज्युनियरला लागून चार वर्षं पाच महिने झालेत, बेसिक 14,000. ग्रॅच्युइटीचा हिशेब: 14,000 गुणिले 15 भागिले 26, गुणिले पाच वर्षं, म्हणजे सुमारे 40,400 रुपये. आज सोडलं तर शून्य, सात महिन्यांनी सोडलं तर चाळीस हजार. 1972 च्या कायद्यातला हा पाच वर्षांचा नियम नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम नोकरीसाठी तसाच आहे. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर मात्र एका वर्षालाच ग्रॅच्युइटी लागू होते, तेव्हा आपलं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. चार वर्षं 240 दिवस पुरतात असं ऐकलं असेल. काही निकाल तसे आहेत, पण त्यासाठी भांडत बसण्यापेक्षा पाच पूर्ण करा.

पीएफ काढू नका, नव्या ठिकाणी ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, आणि पेन्शनसाठी एकूण दहा वर्षं लागतात.

घरात पाळण्याचा विचार चालू असेल तर जास्तच जपून. मॅटर्निटीच्या 26 आठवड्यांच्या पगारी रजेसाठी बाळंतपणाच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्याच मालकाकडे 80 दिवस काम झालेलं लागतं. ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) असाल तर हिशेब वर्गणीच्या दिवसांवर चालतो. नवीन नोकरी धरली आणि हे दिवस भरत नाहीत, अशा मुलीला मी स्टाफरूममध्ये रडताना पाहिलंय.

आणि एक अपवाद, ज्यापुढे वरचा सगळा हिशेब गुंडाळून ठेवा. औषधाचा डोस चुकता चुकता वाचला, एकदा नव्हे, महिन्यात दोनदा. किंवा ड्युटीला निघताना रोज पोटात गोळा येतो आणि ऑफच्या दिवशीही झोप लागत नाही. तिथे चाळीस हजारांसाठी सात महिने काढू नका. तरीही नोटीस द्या: राजीनामा ईमेलनं, छापील प्रतीवर इनवर्डचा शिक्का, तारीख. मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात असतील तर ती लेखी मागा, अडकवून ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण बघून ठेवा, नोटीसच्या धावपळीत ते हमखास राहतं.

तिला मी एवढंच म्हटलं, की सात महिन्यांचं कॅलेंडर कर, आयसीयूचा अर्ज आज टाक, आणि नव्या महिन्याचं रोस्टर लागलं की मला पाठव. परवा आलं व्हॉट्सअ‍ॅपवर. जानेवारीपासूनच्या रिकाम्या जागेवर दोन नावं लागली आहेत. दोन्हींपुढे कंसात ट्रेनी, आणि त्यांना शिकवायला म्हणून तिच्या नावापुढे सलग नऊ नाइट.