वडोदऱ्याहून जहाजबांधणीकडे: थेट बीटेक की आधी कलाभवन?

बारावीनंतर एक वाट जेईई ॲडव्हान्स्डची: खरगपूर किंवा चेन्नईच्या आयआयटीत नेव्हल आर्किटेक्चर, म्हणजे जहाजांची आखणी. दुसरी घरून: सयाजीरावांनी १८९० साली सुरू केलेल्या कलाभवनात (आजची एमएस विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा) मेकॅनिकल, मग गेट देऊन एमटेक.

जहाजच करायचं ठरलं असेल, तर थेट बीटेक सरस. कारण स्थिरतेचं गणित. १० मीटर रुंद चौकोनी बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) २.५ मीटर बुडाला, तर उत्प्लावन केंद्र (पाण्याची उचल जिथून लागते तो बिंदू) तळापासून १.२५ मीटरवर आणि मेटासेंटर (जहाज किंचित कललं की उचलीची रेषा मधल्या रेषेला छेदते तो बिंदू) त्याच्याही वर ३.३३ मीटर. गुरुत्वमध्य ४ मीटरवर धरला, की जीएम, म्हणजे गुरुत्वमध्यापासून मेटासेंटरपर्यंतची उंची, उरतो जेमतेम ०.५८ मीटर. त्यातून अर्धवट भरलेल्या टाक्यांची वजावट करायची. जहाज कललं की आतलं पाणीही त्याच बाजूला धावतं. ही वजावट राहिली, तर कागदावरचं सुरक्षित जहाज उलटू शकतं. मेकॅनिकलला हे सगळं फ्लुइड मेकॅनिक्सच्या एका प्रकरणात आटोपतं.

पण तिथे पदार्थबल, कंपनं पक्की होतात. मन बदललं तर नोकरीसाठी वडोदऱ्याची मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहत आहेच. गेटमध्ये २०२२पासून नेव्हल आर्किटेक्चर आणि मरीन इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपरही आहे.

अर्ज भरताना नुसतं मरीन इंजिनिअरिंग निवडू नका: ती जहाजावरची इंजिनं चालवण्याची शाखा, जहाज आखण्याची नव्हे.