कॉपी-कंट्रोल सीडी आणि संगणकाचा ड्राइव्ह: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ड्राइव्ह गेला असं समजून नवा घ्यायला नागपुरातल्या बर्डीच्या बाजारात निघण्याआधी संगणकात न चाललेल्या त्या सीडीच्या कव्हरचा खालचा कोपरा बघा. तिथे ‘कॉपी कंट्रोल्ड’ असं छापलेलं असेल, किंवा कव्हरच्या कण्यावर ‘कंटेंट प्रोटेक्टेड’ असेल, तर ड्राइव्ह बहुधा ठणठणीत आहे. २००१ ते २००६ च्या सुमारास काही संगीत कंपन्यांनी गाण्यांच्या सीडी मुद्दाम अशा बनवल्या की त्या संगणकात नीट वाचल्याच जाऊ नयेत. त्या सीडी अजून घराघरांतल्या कपाटांत आहेत, रद्दीतून आणि जुन्या संग्रहांतून हातात येतात, आणि त्यांच्यापायी चांगले ड्राइव्ह भंगारात जातात.

वापर ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा. ड्राइव्ह तीन: यूएसबीचा एक स्लिम डीव्हीडी रायटर, जुन्या लॅपटॉपमधला आतला ड्राइव्ह, आणि डेस्कटॉपमधून काढलेला सव्वापाच इंची साटा ड्राइव्ह, यूएसबी अडॅप्टरवर लावलेला. संगणकावर विंडोज १० आणि लिनक्स दोन्ही.

आधी या सीडीत वेगळं काय असतं ते बघू, कारण पुढचे सगळे उपाय त्यातूनच निघतात. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवलेल्या रेड बुक मानकानुसार ऑडिओ सीडीवर फाइली नसतातच. सेकंदाला ७५ सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये २,३५२ बाइट आवाज, आणि आतल्या कडेला टीओसी, म्हणजे कोणतं गाणं कुठे सुरू होतं त्याची अनुक्रमणिका. डेटाच्या सीडीत प्रत्येक सेक्टरमधले २,०४८ बाइटच माहितीचे असतात, उरलेल्या जागेत चूक दुरुस्तीची जादा सोय असते. ऑडिओत ती नाही. तिथे दुरुस्तीचं सगळं ओझं सर्क नावाच्या पद्धतीवर असतं आणि ती हरली तर साधा प्लेअर मधला नमुना अंदाजाने भरून पुढे जातो. कानाला ते कळतही नाही.

कॉपी-संरक्षणाने नेमक्या याच दोन जागा पकडल्या. पहिली जागा म्हणजे सेशन, म्हणजे सीडीवर स्वतःच्या टीओसीसह लिहिलेला एक स्वतंत्र भाग. साधा म्युझिक प्लेअर फक्त पहिलं सेशन वाचतो, संगणकाचा ड्राइव्ह शेवटचं सेशन शोधतो. म्हणून बाहेरच्या कडेला एक दुसरं, डेटाचं सेशन टाकायचं आणि त्याची टीओसी वाकडी लिहायची. दुसरी जागा चूक दुरुस्तीची. आवाजाच्या मध्येच मुद्दाम दुरुस्त न होणाऱ्या चुका पेरायच्या. प्लेअर त्या अंदाजाने झाकतो, पण संगणकाने डिजिटल रूपात वाचलं की टक् टक् असे खडे लागतात. इस्रायलच्या मिडबार कंपनीची कॅक्टस डेटा शील्ड ही पद्धत दोन्ही युक्त्या वापरायची. सोनी डीएडीसीच्या की-टू-ऑडिओचा भर सेशनवर होता. अशा सीडी मानकात बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर कॉम्पॅक्ट डिस्कचा अधिकृत लोगो लावता येणार नाही, असं फिलिप्सने २००२ मध्येच बजावलं होतं. तो लोगो जागेवर नसणं हीसुद्धा एक खूण धरा.

पेरलेल्या चुकांचं सगळ्यांत वाईट अंग मात्र कॉपीशी संबंधितच नाही. दुरुस्तीची जी शिल्लक ओरखड्यांसाठी राखून ठेवलेली होती, ती कारखान्यातच खर्च झालेली असते. म्हणून साधी सीडी जो ओरखडा सहज पचवते, त्याच ओरखड्यावर ही सीडी अडखळते. ज्याने पैसे मोजून विकत घेतली त्याच्याच मालाचं आयुष्य यांनी कमी केलं, आणि ही गोष्ट अजूनही खुपते. गाडीतले एमपी३ वाचणारे प्लेअर आणि डीव्हीडी प्लेअर यांचा आतला सांगाडा संगणकाच्या ड्राइव्हसारखाच असल्याने तेही या सीडींवर अडतात.

लक्षणं चार प्रकारची दिसली. ड्राइव्ह एकसारखा घरघरतो आणि विंडोजची खिडकी गोठते; किंवा गाणी दिसतच नाहीत, फक्त एक प्लेअर प्रोग्रॅम आणि कमी दर्जाच्या दाबलेल्या फाइली दिसतात; किंवा गाणी दिसतात पण कॉपीत खडे येतात; किंवा ट्रे उघडत नाही. या शेवटच्यात माणूस घाबरतो आणि पेचकस घालून ट्रे ओढतो. तसं करू नका. संगणक पूर्ण बंद करा, यूएसबी असेल तर केबल काढा. ट्रेच्या तोंडावर बारीक छिद्र असतं, त्यात सरळ केलेला पेपर क्लिप आडवा, अगदी सरळ रेषेत घाला, दोन-तीन सेंटीमीटर आत गेल्यावर अडथळा लागतो, तो हळू दाबला की ट्रे थोडा बाहेर येतो. मग बोटाने ओढा. वीज चालू असताना हे करायचं नाही, सीडी फिरत असते. ज्या ड्राइव्हला ट्रे नाही, नुसती फट आहे, तिथे बऱ्याचदा हे छिद्र नसतं. जुन्या मॅकमध्ये सुरू करताना माउसचं बटण दाबून धरलं की सीडी बाहेर येते. म्हणून अशी सीडी फटीच्या ड्राइव्हमध्ये घालूच नका, हा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

आता काम करायची पद्धत. सीडी घालण्याआधी ऑटोप्ले, म्हणजे सीडी घातली की तिच्यावरचं आपोआप सुरू होण्याची सोय, बंद: विंडोज १० च्या सेटिंग्जमध्ये डिव्हायसेस, त्यात ऑटोप्ले. जुन्या विंडोजवर सीडी घालताना शिफ्ट दाबून धरली तरी चालतं. मीडियामॅक्स नावाचं संरक्षण एवढ्याने निकामी होतं हे प्रिन्स्टनच्या अ‍ॅलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने २००३ मध्ये दाखवून दिलं होतं. सीडीवरचा प्लेअर कधीही चालवू नका, करारावर ‘नाही’ म्हणण्यासाठीसुद्धा नाही.

वाचायला विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम. गाणी दिसली नाहीत तर अ‍ॅक्शन मेनूतून टीओसी हाताने शोधायला लावा. तो वेळ घेतो, पण वाकड्या अनुक्रमणिकेवर विसंबत नाही. लिनक्सवर सीडीआरडीएओ या प्रोग्रॅमला ‘सेशन १’ असा पर्याय देता येतो. सेशनच्या युक्तीवर याच्याइतका सरळ उपाय दुसरा नाही, आणि बहुतेक वेळा एवढ्यानेच काम झालं.

खड्यांच्या सीडीवर मात्र नेहमीची शिस्त उलटी पडते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीचा सिक्युअर मोड प्रत्येक चुकीवर पुन्हा पुन्हा वाचतो, पण चूक सीडीवर कोरलेलीच असल्याने ती जात नाही, एकेक गाणं तासन्‌तास चालतं आणि लेन्सची मोटर उगाच झिजते. अशा सीडीला बर्स्ट मोड, म्हणजे एकदाच सरळ वाचणं, सी-टू (ड्राइव्हने चुका कळवण्याची सोय) बंद, वेग ४ ते ८ पट, आणि ‘टेस्ट अँड कॉपी’, म्हणजे तेच गाणं दोनदा वाचणं. दोन्ही वेळचा सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, जुळला आणि अ‍ॅक्युरेटरिप या इतरांच्या कॉपींच्या ऑनलाइन नोंदींशी मेळ बसला तर कॉपी खरी. त्यासाठी ड्राइव्हचा रीड ऑफसेट, म्हणजे तो किती नमुने मागेपुढे वाचतो तो आकडा, आधी भरलेला हवा. बऱ्याच ड्राइव्हचा तो +६ असतो, पण आपल्या मॉडेलचा यादीत बघून घ्या. तासाभराच्या अल्बमला ४ पट वेगाने १५ मिनिटं लागतात आणि कच्ची फाइल सुमारे ६३५ एमबी होते. त्याहून बरीच लहान निघाली तर दाबलेल्या फाइलीच हाती लागल्या आहेत असं समजा.

२००२ मधली मार्करची युक्ती अनेकांना आठवत असेल: बाहेरच्या सेशनच्या कडेवर काळी रेघ मारायची, म्हणजे ड्राइव्ह ते वाचू शकत नाही आणि पहिल्या सेशनवर परततो. ती चालते. पण रेघ एक मिलिमीटर आत सरकली तर शेवटचं गाणं जातं. चूक झालीच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कागद किंवा चिकटपट्टी तर मुळीच नको. ५२ पट वेगाला सीडी मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेते. पट्टी सुटली की लेन्सवर जाते.

एक्ससीपी या कॉपी-संरक्षणाच्या प्रोग्रॅमचं प्रकरण वेगळं आणि गंभीर. सोनी बीएमजीच्या ५२ अल्बमवर हे होतं, आणि विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ते उघड केलं. ‘डॉलर-सिस-डॉलर’ने सुरू होणारी प्रत्येक फाइल ते लपवायचं आणि सीडी ड्राइव्हच्या ड्रायव्हरमध्ये स्वतःची गाळणी बसवायचं. हाताने फाइली पुसल्या की गाळणी नाहीशी होते पण तिची नोंद राहते, आणि ड्राइव्हच संगणकातून गायब होतो. विंडोज एक्सपीचा जुना संगणक अजून वापरात असेल तर तिथे डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ३९ किंवा १९ दिसेल. उपाय: रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीची, प्रत काढून ठेवा, मग करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास या वाटेने ४डी३६ई९६५ ने सुरू होणाऱ्या नोंदीवर जा, उजवीकडचे अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स काढा, संगणक पुन्हा सुरू करा. सीडी लिहिणारे काही प्रोग्रॅमही इथेच बसतात, ते नंतर पुन्हा बसवावे लागतील. ड्राइव्ह बदलून हा बिघाड जात नाही, नवा ड्राइव्हही दिसणार नाही. ६४ बिटी विंडोजवर हे ३२ बिटी ड्रायव्हर चढत नाहीत, लिनक्सवर तर प्रश्नच नाही.

तीन ड्राइव्हमध्ये साटावाला सरस ठरला, आणि फरक थोडाथोडका नाही. लॅपटॉपच्या ड्राइव्हने वाकड्या टीओसीवर सरळ हात टेकले. स्लिम रायटरची अडचण बरेचदा विजेची होती: यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, सीडी फिरायला लागताना त्याहून जास्त लागतं, मग ड्राइव्ह मध्येच सुटतो आणि दोष सीडीवर जातो. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचं यूएसबी ३ चं पोर्ट वापरा, नाहीतर दोन तोंडांची केबल. साटा ड्राइव्हला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कसाठी मिळणारा नुसता यूएसबी-साटा तुकडा त्याला चालत नाही. १२ व्होल्ट २ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर असलेलाच घ्या, आणि तो ऑप्टिकल ड्राइव्हला चालतो का हे दुकानातच लावून बघा. काही स्वस्त तुकडे फक्त हार्ड डिस्क ओळखतात.

कायद्याबद्दल थोडक्यात: कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडण्याला शिक्षा सांगतं. स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी प्रत ठेवा, वाटू नका.

एखादी सीडी कशालाच बधली नाही तर साधा म्युझिक प्लेअर आणि त्याचं ऑप्टिकल आउट. साउंड कार्ड ४४.१ किलोहर्ट्झवर ठेवा; ४८ वर राहिलं तर आवाज नकळत बदलून साठतो. ऑप्टिकल नसेल तर लाइन आउट, आणि सर्वांत मोठा आवाज −३ डेसिबलच्या खाली ठेवा.

आणि हे काम नवतपाआधी, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांआधी, उरका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारी लागोपाठ पाच-सहा सीडी वाचल्या की स्लिम ड्राइव्ह तापून चुका वाढतात. त्याच सीडी पहाटे नीट वाचल्या गेल्या. ड्राइव्ह कूलरच्या झोतात ठेवू नका. बोरिंगच्या पाण्याचे बारीक शिंतोडे सीडीवर वाळले की पांढरे क्षार राहतात, आणि दुरुस्तीची शिल्लक आधीच संपलेल्या या सीडींना तेवढे डागही पुरतात. पुसायचं तर ओलसर मायक्रोफायबरने, मधून कडेकडे, गोल कधीच नाही.