‘मूळ .४५५’ म्हणून विकलेलं, मागून तासलेलं वेब्ली

जुनं वेब्ली मार्क ६, म्हणजे .४५५ काडतूस झाडणारं ब्रिटिश सैन्याचं रिव्हॉल्व्हर, घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. ‘मूळ .४५५ आहे, कुठेही हात लावलेला नाही’ असं सांगून, न छेडलेल्या नगाची पूर्ण किंमत घेऊन, मला जे रिव्हॉल्व्हर दिलं गेलं त्याचा सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, मागच्या बाजूने तासलेला होता. विकणाऱ्याला हे ठाऊक होतं, आणि ते त्याच्याच वागण्यावरून सिद्ध होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण फसवणूक नेमकी याच आडोशाने होते. .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड नसते, त्यामुळे रिव्हॉल्व्हरच्या एजेक्टरला (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाला) पकडायला काही मिळत नाही. १९१७ साली अमेरिकन सैन्याला पिस्तुलं पुरेनात, तेव्हा कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांनी हेच काडतूस चालवणारी रिव्हॉल्व्हरं दिली. तीन काडतुसं एकत्र धरणारी अर्धचंद्राकृती पत्र्याची क्लिप त्यांच्यासोबत आली. पुढे सहाच्या सहा धरणारी पूर्ण मून क्लिप आली. एका झटक्यात भरा, एका झटक्यात रिकामी करा. सोय खरोखर उत्तम आहे आणि मला ती मनापासून आवडते. १९१७ची ती रिव्हॉल्व्हरं मुळात त्यासाठीच बनवलेली होती. आजच्या .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरला क्लिपपुरती खाच पाडून घेतात, तेही जाणत्या कारागिराने केलं तर ठीक असतं. काडतुसाची कड आपल्या जागी टेकलेली राहते, त्यामुळे क्लिप लावा किंवा लावू नका, ते चालतं.

वेब्लीचं तसं नाही. मार्क ६ ब्रिटिश सैन्याने १९१५ साली स्वीकारलं. त्याच्या .४५५ काडतुसाची कड पातळ असते, म्हणून सिलिंडर आणि मागची भिंत यांत जागा अगदी कमी. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरं मोठ्या संख्येने अमेरिकेच्या बाजारात आली. तिथे .४५५ सहज मिळेना आणि .४५ एसीपी मात्र कुठेही मिळे. मग विक्रेत्यांनी सिलिंडरचं मागचं तोंड मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर तासून मून क्लिपला जागा केली आणि माल खपवला. तेच नग आजही हातोहात फिरताहेत.

यातला धोका किमतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. .४५५चा दाब सुमारे १३,००० पौंड प्रति चौरस इंच. .४५ एसीपीची कमाल मर्यादा २१,०००. शंभर वर्षांपूर्वीच्या, मधून मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये तुम्ही प्रत्येक बाराला ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर जात असता. पहिले पन्नास बार सुखरूप गेले म्हणजे पुढचा जाईलच असं नाही. असे सिलिंडर फुटलेले आहेत.

आता माझा व्यवहार. फोटो सगळे बंद स्थितीतले, डाव्या बाजूने काढलेले. उघडून मागून एक फोटो पाठवा म्हटलं, तर ‘उघडल्यावर वेगळं काय दिसणार, सगळी सारखीच असतात’ हे उत्तर. मी पुन्हा विचारलं की सिलिंडर तासलेला नाही ना. ‘अजिबात नाही.’ हे त्याने लिहून दिलं, आणि पुढे तेच कामी आलं.

कागदपत्रं पुरी होऊन रिव्हॉल्व्हर ताब्यात आलं, तेव्हा सोबत एक लहान पुडी होती. ‘भेट’ म्हणून. आत पूर्ण मून क्लिप आणि .४५ एसीपीची काडतुसं! न तासलेल्या मार्क ६ मध्ये क्लिप लावलेलं एसीपी घातलं तर रिव्हॉल्व्हर बंदच होत नाही. म्हणजे ज्याने ती पुडी ठेवली, त्याला सिलिंडरचं सगळं माहीत होतं. आणि तो मला तेच काडतूस झाडायला सुचवत होता, याचा मला आजही सर्वांत जास्त संताप येतो.

गनस्मिथकडे नेलं. त्याने ते उघडून दिव्याखाली धरलं. सिलिंडरच्या बाजूंवर जुनी, झिजून तपकिरी झालेली झाक, आणि मागचं तोंड मात्र एकसारखं काळं. तेलाचं फडकं जोर देऊन फिरवलं तशी काळी पुटं फडक्यावर उतरली आणि खाली लेथच्या बारीक गोल रेषा दिसू लागल्या. मग .४५५चं डमी काडतूस घालून बंद केलं, तर ते आत पुढेमागे खुळखुळत होतं. अशा ढिलाईत घोड्याचा ठोका नीट बसत नाही, आणि बार झालाच तर प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, ठोक्याने पेटणारी टोपी) मागे सरकतो.

विकणाऱ्याला मोजमापं पाठवली. आधी म्हणाला ही झीज आहे. मग म्हणाला कन्व्हर्जन केलेल्या नगाला उलट जास्त मागणी असते. शेवटी त्याचंच लेखी उत्तर त्याच्यासमोर ठेवलं, तेव्हा काही रक्कम परत केली. सगळी नाही.

तुमच्यावर वेळ आली तर उघड्या सिलिंडरचा मागून काढलेला फोटो आणि ‘तासलेला नाही’ हे लेखी, या दोन्ही गोष्टी पैसे देण्याआधी मागा. प्रत्यक्ष बघायला मिळालं तर रिकामं रिव्हॉल्व्हर बंद करून बाजूने उजेडात धरा. मागच्या भिंतीपाशी रुंद फट दिसली, तर समजून घ्या. क्लिप आणि .४५ एसीपीची डमी काडतुसं सोबत नेता आली तर उत्तमच. ती घालून रिव्हॉल्व्हर बंद झालं, तर सिलिंडर कापलेला आहे, मग समोरचा काहीही सांगो.

आणि ज्यांच्याकडे असा नग आधीच आहे, त्यांनी दुकानातलं .४५ एसीपी त्यात घालू नका. जाड कडेचं .४५ ऑटो रिम, पीटर्स कंपनीने १९२० साली काढलेलं, या जागेत बसतं. पण त्याचीही तयार काडतुसं नकोत. .४५५च्या दाबाला धरून, जाणकाराने हाताने भरलेलीच वापरा. कापलेलं लोखंड परत येत नाही, त्यामुळे माझं रिव्हॉल्व्हर तसंच राहणार. त्याच्या पेटीत मी चिठ्ठी लिहून ठेवली आहे: सिलिंडर तासलेला, एसीपी झाडू नये.