दीनदयाळांच्या नावावर विकलेली ट्राम

जुन्या छायाचित्रांची आवड असणाऱ्या, विशेषतः आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींनी सावध व्हावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे. दिवाळीनंतर राजवाड्याच्या परिसरातील एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडून मी मुंबईच्या विजेवरच्या ट्रामची सहा छायाचित्रे ४२,००० रुपयांना घेतली आणि ती सहाही खोटी निघाली.

माझे वडील तरुणपणी मुंबईत नोकरीला होते. ज्या ट्राम टर्मिनसवरून दादर टी.टी. हे नाव पडले, तिथे ते रोज उतरत, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे निघालेल्या शेवटच्या ट्रामला निरोप देणाऱ्या गर्दीत तेही उभे होते. हे सारे मी त्या विक्रेत्याला पहिल्याच भेटीत सांगून बसलो. त्या दिवशी त्याने काहीही दाखवले नाही, फक्त आस्थेने विचारपूस केली. चौथ्या दिवशी मात्र फोन करून ‘तुमच्यासाठीच जणू राखून ठेवलेला’ एक संच आल्याचे कळवले. ग्राहकाला काय हवे आहे ते आधी काढून घ्यायचे आणि मग नेमके तेच पुढे ठेवायचे, ही त्याची रीत मला फार उशिरा उमगली.

छायाचित्रांच्या मागे प्रसिद्ध छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्या नावाचा शिक्का आणि शाईने लिहिलेले १८९८ हे साल होते. इंदूरच्या माणसाला हे नाव ऐकून अभिमान वाटणारच, कारण ते १८६६ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नोकरीसाठी इथे आले आणि कॅमेराही त्यांनी इथेच हाती घेतला. मुंबईत त्यांचा स्टुडिओ १८९६ मध्ये निघाला, हे विक्रेत्याने अचूक सांगितले. आणि एक गोष्ट खरी निघाली की पुढचीही खरी मानण्याची चूक मी केली.

घरी प्रत्येक चित्राखाली ओळी लिहायला बसलो तेव्हा सालांचा मेळ बसेना. मुंबईत ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली हे खरे, परंतु ती घोडे ओढत असत. विजेची ट्राम धावली ती ७ मे १९०७ रोजी. दीनदयाळ तर १९०५ मध्येच निवर्तले. म्हणजे डोक्यावर तार आणि तिला टेकलेला दांडा स्पष्ट दिसणारी ती गाडी १८९८ मध्ये मुंबईत असणे शक्य नव्हते आणि त्यांनी ती टिपणे तर मुळीच शक्य नव्हते. त्यांच्यामागे स्टुडिओ चालू राहिला, तेव्हा नंतरच्या एखाद्या चित्रावर तो शिक्का असू शकेल, अशी पळवाट मी स्वतःच काही काळ शोधत राहिलो. मात्र सहापैकी एका चित्रात दुमजली ट्राम होती, त्या चित्रामागेही १८९८ हेच साल होते, आणि मुंबईत दुमजली ट्राम आली ती १९२० मध्ये.

मग भिंगातून पाहिले. त्या काळच्या खऱ्या छायाचित्रात काळ्या-पांढऱ्याची छटा सलग उतरलेली असते. माझ्या चित्रांत तपकिरी रंगाच्या आत निळे, पिवळे आणि किरमिजी बारीक ठिपके होते, म्हणजे ती आजच्या छपाईयंत्रावर छापलेली होती. सराफ्यातील एका परिचितांकडे नोटा तपासण्याचा जांभळा दिवा होता, त्याखाली धरताच कागद निळसर-पांढरा चमकू लागला. कागद असा उजळवणारी रसायने छायाचित्रांच्या कागदात १९५० च्या सुमारास येऊ लागली. त्याआधीचा कागद अशा प्रकाशात मंदच दिसतो. कडांचा पिवळेपणा तेवढा हुबेहूब होता. तो बहुधा चहाच्या पाण्याने आणलेला असावा, कारण कोपऱ्यावर डाग एकाच बाजूला ओघळला होता.

चित्रे परत न्यायला गेलो तेव्हा विक्रेत्याने शांतपणे पावती पाहायला सांगितली. तिच्यावर ‘जुने फोटो, सहा नग’ एवढेच लिहिले होते. साल नाही, छायाचित्रकाराचे नाव नाही, मूळ प्रत की नक्कल याचा उल्लेख नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे, पण ३०,००० रुपये मी रोख दिले होते आणि तोंडी सांगितलेल्या गोष्टींचा पुरावा माझ्याजवळ काहीच नाही. उरलेले १२,००० रुपये मोबाइलवरून गेले होते, त्यांची तक्रार सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर केली, तीही तीन आठवड्यांनी. ज्यांची अशी रक्कम गेली असेल त्यांनी त्याच दिवशी हा क्रमांक लावावा. आणि पैसे देण्यापूर्वीच विक्रेत्याकडून साल, छायाचित्रकार आणि ‘मूळ प्रत’ हे शब्द सहीनिशी लिहून घ्यावेत. तो टाळू लागला तर तिथूनच परत फिरावे.

वडिलांना मी अजून काही सांगितलेले नाही. दुमजली ट्रामचे चित्र त्यांच्या खोलीत लावले होते, ते काढवत नाही. बाकीच्या पाच चित्रांच्या मागे मात्र मी पेन्सिलने ‘नक्कल’ असे ठळक लिहून ठेवले आहे, म्हणजे माझ्या पश्चात ती कोणाला अस्सल म्हणून विकली जाणार नाहीत.