मिडी उघडायला जुनं म्यूझस्कोर, छापायला नवं

कीबोर्डवर वाजवलेली चाल मिडी करून नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की पानभर टाय (दोन स्वर जोडणाऱ्या कमानी), बारीकसारीक विराम आणि भलत्याच शार्प-फ्लॅटच्या खुणांचा सडा पडतो. मग शिव्या सॉफ्टवेअरला. खरं तर मिडीत लिहिलेलं संगीत नसतंच. कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढीच नोंद त्यात असते. 61 नंबरचा स्वर सी शार्प की डी फ्लॅट, हे त्या फाइलला ठाऊक नाही. विराम तर नोंदवलेलाच नसतो. त्यामुळे ज्या सॉफ्टवेअरला अंदाज कसा बांधायचा हे सांगता येतं, ते चांगलं. या कसोटीवर म्यूझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरची गंमत अशी की 2021 ची 3.6.2 आवृत्ती नव्या 4 पेक्षा सरस ठरते. दोन्ही फुकट आहेत आणि एकाच कॉम्प्युटरवर शेजारी-शेजारी राहतात.

3.6.2 मध्ये मिडी उघडली की खालच्या बाजूला इम्पोर्टचा तक्ता येतो. प्रत्येक ट्रॅकला एक ओळ. या तक्त्यासाठीच ही आवृत्ती ठेवायची. अरेंजर कीबोर्डची, म्हणजे तयार साथ वाजवणाऱ्या कीबोर्डची, फाइल असेल तर बास, पॅड आणि रिदम हे सगळे ट्रॅक वेगवेगळ्या स्टाफवर, म्हणजे पाच रेघांच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर, येऊन बसतात. नको त्यांची खूण आधीच काढा. 10 नंबरच्या चॅनलवरचा ठेकाही काढा, तबल्याचे बोल ड्रमच्या चिन्हांत वाचून कुणाचंच भलं होत नाही.

मग क्वांटायझेशन, म्हणजे वाजवलेला स्वर जवळच्या ठरावीक मापावर ओढणं. समजा फाइलमध्ये एका क्वार्टर नोटचे, म्हणजे एका मात्रेचे, 480 टिक (वेळेचे बारीक तुकडे) आहेत. म्हणजे सिक्स्टीन्थ 120 ची, एट्थ ट्रिपलेटमधला (एका मात्रेत तीन) एकेक स्वर 160 चा. वाजवणाऱ्याने बोट जरा लवकर उचललं आणि एक मात्रेचा स्वर 400 टिकच टिकला, तर तो 360 वर ओढला जातो. कागदावर डॉटेड एट्थ आणि पुढे सिक्स्टीन्थचा विराम. वाजवताना साधी मात्रा, वाचताना कोडं. यावर ‘सिम्प्लिफाय ड्युरेशन्स’ हा रकाना चालू ठेवा. ‘मॅक्स व्हॉइसेस’, म्हणजे एका स्टाफवर जास्तीत जास्त किती स्वतंत्र चाली, एकेरी चालीला 1 आणि पियानोला हाताला 2 पुरेत. 4 वर ठेवलं की स्वरांच्या दांड्या वर-खाली करत एकमेकींत अडकतात. चालीत ट्रिपलेट नसतील तर तो रकाना बंद करा, नाहीतर सैल वाजवलेल्या जागाही ट्रिपलेट होऊन येतात. आणि ‘अप्लाय’ दाबलं की फाइल पुन्हा नव्याने वाचली जाते, हाताने केलेल्या दुरुस्त्या जातात. म्हणून आधी तक्त्याचं काम पूर्ण, मगच स्वरांना हात.

म्यूझस्कोर 4 मध्ये हा तक्ताच नाही. प्रेफरन्सेसमध्ये सगळ्यात छोटी नोट कोणती, एवढंच ठरवता येतं. मेट्रोनोमच्या क्लिकवर वाजवलेली, नीट क्वांटाइझ केलेली फाइल असेल तर तेवढ्यावर भागतं. हातच्या वाजवण्याला नाही.

काही गोष्टी मात्र इम्पोर्टच्या आधीच, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उरकायच्या. फाइलमध्ये टाइम सिग्नेचर नसेल तर ती 4/4 समजून वाचली जाते, म्हणजे सात मात्रांच्या रूपकाची सम दुसऱ्या आवर्तनापासूनच भलत्या जागी. 7/4 आधीच घालून ठेवा. 3-2-2 हा विभाग मिडी सांगू शकत नाही, तो नंतर टाइम सिग्नेचरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन करावा लागतो. डावा आणि उजवा हात दोन ट्रॅकवर वेगळे करा. दोन्ही हात आपोआप वेगळे करणारा ‘स्प्लिट स्टाफ’ आहे खरं, पण हात एकमेकांवरून जातात तिथे तो गडबडतो.

पट्टीचंही तसंच. गाणं काळी एकमध्ये असेल तर की सिग्नेचर पाच फ्लॅटची द्या, म्हणजे डी फ्लॅट. सी शार्प म्हटलं तर सात शार्प, आणि वाचणारा पहिल्याच ओळीत दमतो. सिग्नेचर घातल्यावर सगळं निवडून टूल्समधलं ‘रीस्पेल पिचेस’ चालवा. उरलेसुरले स्वर एकेक निवडून J हे बटण दाबत बदला. ताल कागदावर विस्कटला असेल तर ‘रीग्रुप रिदम्स’ बरंच सावरतं.

भावगीत किंवा नाट्यगीताच्या चालीत हे सॉफ्टवेअर जिथे हरतं ती जागा म्हणजे कणस्वर आणि मींड. कण इतका छोटा असतो की ओढला जाऊन मुख्य स्वराला चिकटतो, आणि दोन स्वर एकदम दाबल्यासारखे दिसतात. तो खोडून मुख्य स्वर निवडायचा आणि / दाबून ग्रेस नोट घालायची. मींड पिच बेंडवर वाजवली असेल तर कागदावर काहीच उमटत नाही, ग्लिसांडोची रेघ हाताने ओढावी लागते. तीन मिनिटांच्या गाण्यात हेच काम सर्वांत जास्त वेळ खातं.

एवढं झालं की फाइल 4 मध्ये उघडा. स्वरांमधलं अंतर, ओळींची ठेवण आणि छपाई तिथे निःसंशय देखणी होते. चार-चार बारची एक ओळ ठेवली तर शिकणाऱ्याला वाचायला सोपं. फक्त 3.6.2 ची मूळ प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवा, कारण 4 मध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात परत नीट उघडत नाही.